बॅरिएट्रिक शस्त्रक्रियेनंतर काय अपेक्षा ठेवावी? वजन, मधुमेह आणि पुढची दहा वर्षे

‘डॉक्टर, ऑपरेशननंतर माझं वजन किती होईल?’ तीव्र लठ्ठपणासाठी शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्या जवळपास प्रत्येक रुग्णाचा हा पहिला प्रश्न असतो. सोबत आलेल्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न वेगळा असतो: ‘जिवाला धोका नाही ना?’ दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोन्हींची उत्तरे आज बऱ्यापैकी स्पष्ट आहेत, कारण जगभरातील अशा रुग्णांचा दहा-दहा, वीस-वीस वर्षे पाठपुरावा झाला आहे. अडचण एवढीच, की जाहिरातीत पहिल्या वर्षाचे फोटो दिसतात आणि रुग्णाला जगायची असतात पुढची तीस-चाळीस वर्षे. म्हणून या लेखात शस्त्रक्रिया कशी करतात यापेक्षा ती झाल्यावर काय होते, यावर भर दिला आहे.

शस्त्रक्रियेबद्दल थोडक्यात

आपल्याकडे प्रामुख्याने तीन प्रकार केले जातात आणि तिन्ही दुर्बिणीद्वारे होतात. ‘स्लीव्ह’मध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून थोडा जास्त भाग कापून काढतात आणि केळ्यासारखी अरुंद नळी शिल्लक ठेवतात. कापलेला भाग परत जोडता येत नाही. ‘गॅस्ट्रिक बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाला लहानशी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. त्यामुळे अन्न उरलेल्या जठराला आणि आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला वळसा घालून पुढे जाते. ‘मिनी बायपास’ हे त्याचेच थोडे सोपे रूप असून त्यात आतड्याचा एकच जोड असतो.

‘पोट लहान झालं म्हणून माणूस कमी खातो’ हे स्पष्टीकरण अर्धेच आहे. या शस्त्रक्रियांनंतर भूक आणि तृप्ती ठरवणारी आतड्यातील संप्रेरकेही बदलतात. भूक वाढवणारे घ्रेलिन विशेषतः स्लीव्हनंतर घटते, तर पोट भरल्याचा संदेश देणारे आणि इन्सुलिनला मदत करणारे जीएलपी-१ जेवणानंतर कितीतरी जास्त प्रमाणात स्रवते. त्यामुळेच अनेक मधुमेही रुग्णांची साखर, वजन फारसे उतरण्याआधीच, पहिल्या काही दिवसांत खाली येते. आणि म्हणूनच ‘मनावर ताबा नाही म्हणून ऑपरेशन करावं लागलं’ हा नातेवाइकांचा टोमणा वैद्यकीयदृष्ट्याही चुकीचा आहे. तीव्र लठ्ठपणात शरीर स्वतःच वाढलेले वजन राखून ठेवायला धडपडत असते. शस्त्रक्रिया त्या धडपडीचा जोर कमी करते.

वजन किती उतरते?

येथे एक हिशेब समजून घ्या, म्हणजे पुढे फसगत होणार नाही. समजा तुमची उंची १६५ सेंटिमीटर आणि वजन १२० किलो आहे. तुमचा बीएमआय ४४ येतो. स्लीव्ह किंवा बायपासनंतर एक ते दोन वर्षांत साधारणपणे एकूण वजनाच्या २५ ते ३० टक्के वजन उतरते, म्हणजे ३० ते ३६ किलो. तुम्ही ८४ ते ९० किलोवर याल आणि तेव्हाही तुमचा बीएमआय ३१ ते ३३ असेल. तक्त्यानुसार तुम्ही अजूनही ‘लठ्ठ’च असाल. याला अपयश म्हणत नाहीत. याच टप्प्यावर साखर, रक्तदाब आणि श्वास यांत मोठा फरक पडलेला असतो. पण ६५ किलोचे स्वप्न घेऊन शस्त्रक्रियेला गेलेला माणूस ८६ किलोवर निराश होतो, आणि त्याला आधी कोणी सांगितलेलेच नसते.

दुसरी गोष्ट टक्क्यांची. ‘६० ते ७० टक्के वजन कमी होते’ असे तुम्ही कुठेतरी वाचले असेल. ते टक्के बहुधा ‘जादा’ वजनाचे असतात. वरच्या उदाहरणात बीएमआय २५ साठीचे वजन ६८ किलो धरले, तर जादा वजन ५२ किलो. त्याचे ६० टक्के म्हणजे ३१ किलो, आणि तेच एकूण वजनाचे २६ टक्के. आकडा तोच, फक्त ऐकायला मोठा. कोणी टक्के सांगितले, तर ‘कशाचे टक्के?’ हे जरूर विचारा.

वजनाचा सर्वांत खालचा काटा बहुतेकांना पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षी दिसतो. त्यानंतर थोडे वजन परत येते. जवळजवळ सगळ्यांचेच येते. स्वीडनमध्ये १९८७ पासून चालू असलेल्या एका मोठ्या अभ्यासात बायपास झालेल्या रुग्णांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत ३२ टक्क्यांनी उतरले होते, तर दहा वर्षांनी ते मूळ वजनापेक्षा २५ टक्क्यांनी कमी होते. म्हणजे काही परत आले, पण मोठा भाग टिकला. फिनलंडमध्ये २४० रुग्णांवर स्लीव्ह आणि बायपास यांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी करून तुलना केली गेली. दहा वर्षांनी स्लीव्हच्या गटात जादा वजनाचे सुमारे ४४ टक्के, तर बायपासच्या गटात सुमारे ५२ टक्के वजन कमी झालेले होते. बायपास थोडा पुढे आहे, पण एवढ्या फरकावर निवड करू नये. निवड बहुधा दुसऱ्याच गोष्टींवर ठरते, त्यातील एक म्हणजे आम्लपित्त. याच अभ्यासात दहा वर्षांनी अन्ननलिकेला सूज आलेले रुग्ण स्लीव्हच्या गटात ३१ टक्के, तर बायपासच्या गटात ७ टक्के होते. तुम्हाला आधीपासूनच रात्री घशाशी आंबट येत असेल, अन्ननलिकेला सूज असेल, तर हे सर्जनला आवर्जून सांगा.

ही सगळी सरासरी आहे. काही रुग्णांचे ४० टक्के उतरते, काहींचे जेमतेम १५ टक्के. कोणाचे किती उतरेल, हे आधी खात्रीने सांगणारी कोणतीही तपासणी आज उपलब्ध नाही.

मधुमेह ‘बरा’ होतो का?

हा शब्द मी टाळतो. वैद्यकीय भाषेत याला ‘रेमिशन’ म्हणतात, म्हणजे औषधांशिवाय साखर मधुमेहाच्या पातळीखाली राहणे. मधुमेह माघार घेतो, पण परत येऊ शकतो.

स्वीडनच्या त्याच अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी ७२ टक्के मधुमेही रेमिशनमध्ये होते. पंधरा वर्षांनी हे प्रमाण ३० टक्के उरले. अमेरिकेतील युटा राज्यात बायपास झालेल्या रुग्णांमध्ये दोन वर्षांनी ७५, सहा वर्षांनी ६२ आणि बारा वर्षांनी ५१ टक्के रुग्ण रेमिशनमध्ये होते. आकडे वेगळे असले तरी उतार दोन्हीकडे सारखाच आहे.

मग फायदा काय? दोन बाबी लक्षात घ्या. एक, साखर पाच-दहा वर्षे नियंत्रणात राहिली तर त्या काळात डोळे, मूत्रपिंडे आणि नसा यांचे होणारे नुकसान टळते किंवा लांबते. दोन, तुलना कशाशी करायची? अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये १५० मधुमेही रुग्णांवर झालेल्या चाचणीत पाच वर्षांनी एचबीए१सी ६ किंवा त्याखाली असलेले रुग्ण केवळ औषधांच्या गटात ५ टक्के होते, स्लीव्हच्या गटात २३ टक्के आणि बायपासच्या गटात २९ टक्के. म्हणजे शस्त्रक्रिया झालेल्यांतही चारातील तिघांना हे कडक लक्ष्य गाठता आले नाही, पण केवळ औषधे घेणाऱ्यांच्या मानाने ते कितीतरी पुढे होते.

मधुमेह होऊन थोडीच वर्षे झाली असतील, इन्सुलिन सुरू झाले नसेल, तर रेमिशनची शक्यता चांगली असते. पंधरा वर्षांचा मधुमेह आणि दिवसातून तीनदा इन्सुलिन असेल, तर शस्त्रक्रियेनंतर इन्सुलिनचा डोस बहुधा घटेल, पण सगळी औषधे सुटतील अशी आशा धरू नका. ‘अजून थोडं थांबू, डाएट करून बघू’ असे म्हणत बीएमआय ४५ आणि नवा मधुमेह घेऊन आठ-दहा वर्षे घालवणारे रुग्ण मी पाहतो, तेव्हा वाईट वाटते ते याचमुळे. हातातून जी वेळ जाते ती सर्वांत फायद्याची असते.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यांत साखर झपाट्याने उतरते, तेव्हा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन जुन्याच डोसमध्ये चालू ठेवले तर साखर धोकादायकरीत्या कमी होऊ शकते. रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचेही तसेच. डिस्चार्जच्या कागदावर प्रत्येक जुन्या गोळीपुढे ‘चालू’, ‘अर्धी’ किंवा ‘बंद’ असे लिहून घ्या. मात्र पुढे साखर नॉर्मल राहिली तरी वर्षातून एकदा एचबीए१सी, डोळ्यांचा पडदा आणि लघवीतील प्रथिने तपासणे सोडू नका.

आयुष्य वाढते का?

होय, पण मोजके. स्वीडनच्या अभ्यासात सुमारे दोन हजार रुग्णांनी शस्त्रक्रिया करून घेतली आणि तेवढ्याच, त्यांच्याशी मिळत्याजुळत्या लठ्ठ रुग्णांवर नेहमीचे उपचार झाले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार शस्त्रक्रिया झालेल्यांचे आयुर्मान दुसऱ्या गटापेक्षा ३ वर्षांनी जास्त होते, तरीही सर्वसामान्य लोकांपेक्षा ते ५.५ वर्षांनी कमीच राहिले. या अभ्यासात चिठ्ठ्या टाकून वाटणी केलेली नव्हती आणि त्या काळी केलेल्या बऱ्याच शस्त्रक्रिया आज कोणी करत नाही, हेही ध्यानात ठेवावे. हृदयविकार आणि लठ्ठपणाशी निगडित काही कर्करोग यांचे प्रमाणही शस्त्रक्रिया झालेल्या गटांत कमी आढळले आहे.

रोजच्या जगण्यातला फरक मात्र लवकर जाणवतो. घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे कमी होते. ते सगळ्यांचेच पूर्ण थांबत नाही, त्यामुळे सीपॅप मशीन स्वतःहून बंद न करता झोपेची तपासणी पुन्हा करून घ्यावी. गुडघ्यांवरचा भार हलका होतो, जिना चढता येतो, पण झिजलेली कूर्चा परत येत नाही. पाळी नियमित होते. यकृतातील चरबी घटते.

जिवाचा धोका आणि इतर गुंतागुंती

स्वीडनच्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतरच्या ९० दिवसांत ०.२ टक्के, तर अमेरिकेतील दहा रुग्णालयांच्या एका मोठ्या पाहणीत ३० दिवसांत ०.३ टक्के रुग्ण दगावले. म्हणजे हजारात दोन ते तीन. हा धोका शून्य नाही आणि ‘काही होत नाही’ असे सांगणाऱ्याकडे जाऊ नये. वय जास्त, बीएमआय ५० च्या पुढे, पायाच्या शिरेत पूर्वी गुठळी झालेली, हृदय किंवा फुप्फुस अशक्त असेल तर धोका वाढतो. सुरुवातीच्या दिवसांत शिवणीतून गळती, रक्तस्राव आणि फुप्फुसात गुठळी या तीन गोष्टींची भीती असते.

उशिरा येणाऱ्या अडचणी कमी बोलल्या जातात, म्हणून त्या जरा सविस्तर. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होतात. ते टाळण्यासाठी काही महिने गोळ्या दिल्या जातात, त्या मध्येच सोडू नयेत. बायपासनंतर जोडावर व्रण होऊ शकतो. सिगारेट, बिडी आणि डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या ही त्याची मोठी कारणे. मेडिकलच्या दुकानातून ‘अंगदुखीची गोळी’ मागून घेण्याची सवय असेल, तर ती कायमची सोडावी लागेल. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात. बहुतेकांचे परत येतात. पोट, दंड आणि मांड्यांची कातडी लोंबते. तिच्यासाठीच्या प्लास्टिक सर्जरीचा खर्च विमा सहसा देत नाही.

दारूबद्दल स्पष्ट बोलायला हवे. बायपासनंतर दारू रक्तात लवकर आणि जास्त प्रमाणात चढते. शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या वर्षात दारूच्या व्यसनाचे प्रमाण वाढल्याचे अमेरिकेत आढळले आहे. युटातील एका अभ्यासात बायपासनंतर आजारांमुळे होणारे मृत्यू घटले, पण अपघात आणि आत्महत्या अशा कारणांनी होणारे मृत्यू शस्त्रक्रिया न झालेल्या गटापेक्षा जास्त होते. शस्त्रक्रियेआधी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतात ते रुग्णाला ‘वेडा’ समजून नव्हे, तर याचसाठी. घरच्यांनीही वजनाच्या काट्याबरोबर माणसाच्या मनाकडे लक्ष ठेवावे.

घरचे ताट आणि आयुष्यभराच्या गोळ्या

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पातळ पदार्थ, मग मऊ अन्न, आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे जेवण, फक्त प्रमाण लहान. एका वेळी वाटीभर अन्न पुरते. अशा वेळी आधी भाताने वाटी भरली, तर प्रथिनांना जागाच उरत नाही. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने हवीत. अंडी, मासे, चिकन खाणाऱ्यांना हे जमते. शाकाहारी घरात मात्र पहिले काही महिने मुगाचे घट्ट वरण, पनीर, दही, सोयाबीन आणि मोड आलेल्या कडधान्यांची मऊ उसळ खाऊनही आकडा गाठणे कठीण जाते. तेव्हा प्रथिनांची पावडर घ्यावी लागते. ताटात आधी उसळ-पनीर, मग भाजी, शेवटी घास-दोन घास भाकरी किंवा भात, हा क्रम ठेवा. पाणी जेवताना नाही, जेवणानंतर अर्ध्या तासाने.

पुरणपोळी, श्रीखंड किंवा बासुंदी खाल्ल्यावर, विशेषतः बायपास झालेल्यांना, अर्ध्या तासात छातीत धडधड, घाम, पोटात कळ आणि जुलाब होऊ शकतात. याला ‘डंपिंग’ म्हणतात. घरच्यांचा ‘एवढंसं खाल्ल्याने काय होतंय’ हा आग्रह येथे खरोखर त्रासाचा ठरतो. उलट काही पदार्थ अजिबात त्रास देत नाहीत आणि म्हणूनच वजन परत आणतात: चहाबरोबरची बिस्किटे, फरसाण, आइस्क्रीम, गोड सरबते. लहान झालेल्या पोटातूनही हे सगळे सहज सरकते. उपवासाचेही तसेच. साबुदाण्याच्या खिचडीत पिष्ट आणि तेल भरपूर, प्रथिने नगण्य. निदान पहिले वर्षभर उपवास बाजूला ठेवावेत. जमणारच नसेल, तर दूध, दही, पनीर आणि राजगिरा यांवर भर द्यावा.

बी१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि एक मल्टीव्हिटॅमिन हे आयुष्यभर घ्यायचे आहे. आपल्याकडे शाकाहारी लोकांत बी१२ ची कमतरता आधीच खूप, त्यात शस्त्रक्रियेची भर पडते. माझ्या अनुभवात रुग्ण पहिले वर्षभर गोळ्या नेमाने घेतात, वजन उतरते, तब्येत छान वाटते आणि गोळ्या बंद होतात. तीन-चार वर्षांनी हातापायांना मुंग्या येतात, हिमोग्लोबिन ७ वर येते, आणि तोवर शस्त्रक्रियेशी याचा संबंध आहे हेही विसरलेले असते. दरवर्षी रक्ततपासणी करायचीच.

तरुण स्त्रियांनी शस्त्रक्रियेनंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी. पीसीओडीमुळे वर्षानुवर्षे मूल न झालेल्यांनाही वजन उतरताच अचानक दिवस जाऊ शकतात, आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. तांबी किंवा इतर उपायांबद्दल आधीच विचारा. पुढे गरोदरपणात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून करायच्या साखरेच्या तपासणीने डंपिंग होऊ शकते, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांना शस्त्रक्रियेबद्दल पहिल्याच भेटीत सांगा.

इंजेक्शने आली, मग शस्त्रक्रिया कशाला?

सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपेटाइड ही इंजेक्शने २०२५ मध्ये भारतात वजनासाठी उपलब्ध झाली, तेव्हापासून हा प्रश्न रोज येतो. चाचण्यांमध्ये सेमाग्लुटाइडने सरासरी सुमारे १५ टक्के, तर टिर्झेपेटाइडच्या सर्वांत मोठ्या डोसने सुमारे २१ टक्के वजन उतरले. ही औषधे चांगली आहेत. पण सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परत आला, म्हणजे इंजेक्शन आणि त्याचा खर्च दीर्घकाळ चालू ठेवावा लागतो. बीएमआय ३२-३३ असलेल्याने आधी औषधांचा विचार करावा, असे मला वाटते. बीएमआय ४५, मधुमेह आणि रात्री श्वास अडकणे असे तिन्ही असेल, तर माझे मत आजही शस्त्रक्रियेच्या बाजूने आहे. शस्त्रक्रियेनंतर वजन परत येऊ लागले, तर हीच औषधे उपयोगी पडतात.

२०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आशियाई लोकांसाठी शस्त्रक्रियेची मर्यादा बीएमआय २७.५ पर्यंत खाली आणली आहे. विमा कंपन्या मात्र वेगळा नियम लावतात: वय १८ च्या पुढे आणि बीएमआय ४०, किंवा बीएमआय ३५ आणि सोबत हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया किंवा नियंत्रणात नसलेला मधुमेह यांपैकी काही. शिवाय पॉलिसीचा प्रतीक्षा कालावधी असतो. म्हणून लेखी पूर्वमंजुरी मिळाल्याशिवाय तारीख घेऊ नका.

केव्हा लगेच धाव घ्यावी?

पहिल्या महिन्यात ताप, धाप, छातीत दुखणे, नाडी सतत १२० च्या वर, डाव्या खांद्यात कळ, काळी शी किंवा पोटरीला सूज यांपैकी काहीही झाले, तर सकाळची वाट न पाहता शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णालयात जा.

बायपासनंतर काही महिन्यांनी, अगदी काही वर्षांनीही, जेवणानंतर पोटात पिळवटून कळ येऊ लागली, तर आतडे आतल्या फटीत अडकलेले असू शकते. साधी सोनोग्राफी यात नॉर्मल येऊ शकते, सीटी स्कॅन लागतो. ‘गॅस असेल’ म्हणून गोळ्या घेत बसू नका.

आणि सतत उलट्या. दोन-तीन दिवस काहीच पोटात टिकत नसेल, तर गावातल्या दवाखान्यात ग्लुकोजचे सलाइन लावून घेण्याआधी डॉक्टरांना सांगा की बॅरिएट्रिक शस्त्रक्रिया झाली आहे आणि आधी थायामिन म्हणजे बी१ चे इंजेक्शन द्यावे लागेल. बी१ संपलेले असताना नुसते ग्लुकोज दिल्यास मेंदूला कायमची इजा होऊ शकते. एकाचे दोन दिसणे, चालताना तोल जाणे, असंबद्ध बोलणे ही त्याची लक्षणे. शस्त्रक्रियेचा प्रकार, तारीख आणि सर्जनचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी पाकिटात ठेवा आणि तिचा फोटो घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाइलवर असू द्या.